बिननावाच्या दोन नळ्या

सोमवारी फ्रीगंज भागातल्या एका लॅबसमोर सातच्या आत रांग लागायची. रविवारी कुणालाच रक्त द्यायचं नसतं. मधुरा नऊ वर्षांपासून तिथे रक्त काढायचं काम करत होती, आणि रविवार संध्याकाळपासूनच तिचा अंगठा दुखायला लागायचा.

त्या दिवशी साडेदहाला रांग संपली. ती नळ्या मोजायला बसली तर दोन नळ्यांवर नावाचं लेबलच नव्हतं. यादी लावून पाहिली तेव्हा दोनच नावं उरली. नदीवर, रामघाटावर पूजा सांगणारे अरविंद गुरुजी आणि बँकेतली ऋचा. दोघं पाठोपाठ आले होते, मध्ये फोन वाजला होता. कोणती नळी कुणाची, ते काही आठवेना.

आल्हाद सर लॅबचे मालक. ते म्हणाले, "अंदाजाने लाव ना. साखरच तर बघायची आहे."

"गुरुजी गोळ्या घेतात, सर. डोस ह्यावरच ठरणार."

"मग तू निस्तर."

तिने दोन्ही नळ्या टाकून दिल्या आणि आधी ऋचाला फोन लावला.

"माझा नाश्ता झालाय," ऋचा म्हणाली. "समोर चाळीस माणसं उभी आहेत, सर्व्हर बंद आहे, आणि तुम्ही म्हणता परत या? हद्द झाली!"

"चूक माझी आहे. उद्या या, आल्या आल्या घेते."

फोन कट झाला. गुरुजींचा फोन लागलाच नाही. मधुराने सामानाची पेटी घेतली आणि ऑटोने रामघाट गाठला.

गुरुजी पायऱ्यांवर बसून एका कुटुंबाचा संकल्प सांगत होते. आवाज बसला होता, शब्द अर्धे घशातच राहत होते. ते कुटुंब उठेपर्यंत ती उन्हात थांबली. मग तिने सगळं खरं खरं सांगितलं.

गुरुजींनी पूजेचं ताम्हण बाजूला सरकवलं.

"सकाळपासून काही खाल्लंत का?" तिने विचारलं.

"काल रात्री दहाला जेवलो, तेच. आज सोमवारचा उपास, शिवाय जागा सोडली तर यजमान दुसरीकडे जातात." त्यांनी बाही वर केली. "घे इथेच. तुमचा आठवडा सोमवारी सुरू तरी होतो, बाई. आमचा कधी सुरू झाला नि कधी संपला, मला सांगता यायचं नाही."

तिने आधी लेबल लिहिलं, त्यांना वाचून दाखवलं, मग सुई लावली. रक्त घेऊन झाल्यावर तिने पलीकडच्या टपरीवरून दूध आणलं, आणि ते पिऊन होईपर्यंत शेजारी बसून राहिली.

दुपारी रिपोर्ट आला. साखर फार वाढली होती. तिने गुरुजींच्या मुलीचा नंबर शोधून काढला आणि आजच डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं.

मंगळवारी सातला ऋचा आली. खुर्चीत बसली, हात पुढे केला.

सुई निघाल्यावर म्हणाली, "काल तुमचा फोन ठेवला आणि एका आजोबांवर ओरडले. उगाचच. पासबुक उलटं धरलं होतं त्यांनी, एवढंच. काम न होताच परत गेले."

"आज येतील ते?"

"काय माहीत." ऋचाने कापूस दाबून धरला. "आले तर बसवते."