एकाच माळ्यावरच्या दोन मुड्या

देवकीच्या पत्राला मी अकरा महिने उत्तर दिलं नाही. सर्वणहून आलेलं आंतर्देशीय, चार ओळींचं. 'आई गेली. तुम्ही तिची धालोची गाणी रेकॉर्ड करून नेली होती. वर्षश्राद्धाला तिचा आवाज घरात ऐकायचा आहे. पाठवाल का?'

पत्र आलं तेव्हा तो आवाज माझ्याकडे उरला नव्हता.

निवृत्तीनंतर मी पेडणे-डिचोलीतल्या बायकांची गाणी गोळा करतो; धालो म्हणजे त्यांनी पौषात रात्री अंगणात नाचताना म्हणायची. पुतणी सुविधा संगणकाच्या कंपनीत आहे. तिने ती ठेवायला क्लाउडवर भाड्याची डिस्क घेऊन दिली. एकीचा भरवसा नको म्हणून मी हुबेहूब दुसरी केली. दोन्ही एकाच झोनमध्ये, म्हणजे एकाच इमारतीत. एका शुक्रवारी तिथे आग लागली आणि दोन्ही गेल्या. रेकॉर्डर मी आदल्याच दिवशी पुसला होता, पुढच्या बाईसाठी. सुविधाला सांगायची लाज वाटली. देवकीला लिहायला बसायचो आणि 'देवकीताईंस' एवढ्यावरच अडायचो.

गणपतीच्या चवथीला सुविधा पेडण्याला आली. पुस्तकात खूण म्हणून ठेवलेलं ते पत्र तिच्या हाती लागलं. सगळं सांगावं लागलं.

"दोनूय मुडी एकाच माळ्यार? काका, तुम्ही शेतकऱ्याचे झील मरे!"

वडील बियाण्याच्या दोन मुड्या, पेंढ्यात गुंडाळलेली गाठोडी, बांधत. एक घरी, दुसरी डोंगरावर आत्याकडे, पूर आला तरी पेरणी चुकू नये म्हणून. मला हे ठाऊक होतं.

"माका विचारूक काय झाला होता?"

"तू कामात असतेस."

"कामात! दर रविवारी तुमच्या डिस्कची नक्कल, स्नॅपशॉट, दुसऱ्या शहरात जाय होती. मीच लावून ठेवलेलंय."

"म्हणजे आहे?"

"असतली. पण ती परत उघडता काय, ता आमी कधी बघूकच नाय. थंय चूक माझी."

तिने नकलेवरून नवी डिस्क उभी करायला लावली. वीस मिनिटं लागली. मी उगाच मागीलदारी जाऊन आलो. मग देवकीची आई खोकली, आणि गायला लागली.

तीन गाणी होती. चौथं बुधवारचं, रविवारच्या नकलेनंतर आणि शुक्रवारच्या आगीआधी रेकॉर्ड केलेलं. ते नव्हतं.

"तिनांचाच लिवा," सुविधा म्हणाली. "चौथा तिका खंय म्हायत?"

पण चौथ्याआधी म्हातारी म्हणाली होती, "ह्या माझ्या देवकीक आवडता." ते मला कसं गिळता येईल?

आज लिहिलं. 'देवकीताई, तीन गाणी सोबतच्या पेनड्राइव्हवर आहेत. एक प्रत सुविधाकडे, तिच्या शहरात ठेवली आहे. चौथं तुमच्या आवडीचं होतं. त्याचा आवाज माझ्या हातून गेला. शब्द वहीत होते, ते खाली उतरवले आहेत. उशिराबद्दल काय लिहावं कळत नाही.'

श्राद्धाला नऊ दिवस आहेत. पोस्टातल्या बाईंनी पाकीट तोललं, शिक्का मारला आणि मागच्या पिशवीत टाकलं.