झाकलेला बदामचा एक्का

मी एक जुना बदामचा एक्का आहे. विलायतेतल्या छापखान्यात माझा जन्म झाला. बावन्न पानांच्या जोडातून बोटीने मुंबईला उतरलो आणि एकोणीसशे अडतीस साली नाशकातल्या एका क्लबात ब्रिज खेळायला आलो.

मित्रांनो, ब्रिजमध्ये समोरासमोर बसलेले दोघे जोडीदार. तेरापैकी किती हात जिंकणार, ते आधी बोलायचं. पहिले सहा हात बोलीत मोजत नाहीत, म्हणून बारा हातांची बोली म्हणजे सहाची बोली, तिला स्लॅम म्हणतात. बोलून जिंकलात तर मोठं बक्षीस. न बोलता जिंकलात तर कुत्रं विचारत नाही.

आमच्याकडे साड्यांचे व्यापारी हबीबशेठ सगळ्यांत तल्लख. पण खेळायचे ते पाहुणे म्हणून. कमिटी त्यांना सभासद करत नव्हती. कारण तोंडाने कोणी सांगत नसे, ठाऊक सगळ्यांना होतं. शेवटी कमिटी म्हणाली, देवळालीच्या गोऱ्यांकडून करंडक आणा, मग करतो सभासद.

त्यांचे जोडीदार निफाडचे बागाईतदार भिमाजी. हबीबशेठनी त्यांना नवी रीत शिकवली.

"भिमाजीभाऊ, मी 'चार बिनहुकमी' म्हटलं की समजा, एक्के किती ते विचारतोय. एकही नसला तर 'पाच किलवर' म्हणा. एक असला तर 'पाच चौकट'."

"आमच्या गावाकडं जोडीदाराला पान कळवलं ना शेठ, तर पत्ते तोंडावर फेकून मारतात!"

"अहो, ही चोरी नाही. समोरच्यांनाही अर्थ सांगूनच खेळतात."

गोऱ्यांशी झालेल्या सामन्याच्या शेवटच्या डावात मी भिमाजींच्या हातात होतो. दोन एक्के हबीबशेठकडे. हुकूम इस्पिक ठरला. हबीबशेठ म्हणाले, "चार बिनहुकमी."

मागे उभा असलेला क्लबचा चिटणीस सावळीराम खिदळला, "घ्या! आता पानंच दाखवा एकमेकांना!"

भिमाजींचे कान तापले. त्यांचा अंगठा माझ्यावर घट्ट बसला. मी ओरडत होतो, अरे, मी आहे, सांग की! कागदाचं कोण ऐकतं?

"पाच किलवर," भिमाजी म्हणाले.

एक्का नाही म्हटल्यावर हबीबशेठ पाचावरच थांबले. मग रीतीप्रमाणे भिमाजींनी आपली पानं टेबलावर उघडी मांडली, आणि मी सगळ्यांदेखत उताणा पडलो. हबीबशेठनी माझ्याकडे पाहिलं, मग भिमाजींकडे. मग डाव खेळले. हात बरोबर बारा आले, पण बोली पाचाची, स्लॅमचं बक्षीस हुकलं. करंडक देवळालीकडेच राहिला.

"त्या माणसाची सवालजवाबाची थेरं नडली," सावळीराम कमिटीत म्हणाला. भिमाजी तिथंच बसले होते. 'एक्का मी झाकला', एवढंच बोलायचं होतं. नाही बोलले. अब्रूदार माणूस ना! सभासद होण्यासाठी पुढे आलेलं हबीबशेठचं नाव कटलं.

मग भिमाजी मला खिशात घालून त्यांच्या दुकानी गेले. "शेठ, चुकलं माझं."

"मला सांगून काय होणार, भाऊ? कमिटीत सांगायचं होतं." त्यांनी मला हातसुद्धा लावला नाही.

एक पान कमी म्हणून क्लबाने माझे बाकीचे भाऊ बंबात घातले. मी भिमाजींच्या कपाटात कुजतो आहे.

मित्रांनो, पत्ते जपा, ओले हात लावू नका, हे तर सांगेनच. पण जोडीदार चार माणसांत विचारतो, तेव्हा उत्तरही चार माणसांतच द्या. नंतर दुकानाच्या पायरीवर दिलेलं उत्तर कुठल्याच डावात धरत नाहीत.