सेंटरची जागा

ड्राफ्टच्या आठवड्यात लेन कोव्हाक्सला जेवण जात नसे. यंदा तर पाणीही घशाखाली उतरेना. टोलेडो पायलट्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या कचेरीत एक बिनखिडकीची खोली होती. तिथे तो सकाळपासून भिंतींकडे बघत उभा राही आणि पित्ताच्या गोळ्या शेंगदाण्यांसारख्या चघळत राही. समोरच्या भिंतीवर यंदा कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या पोरांची नावं होती, एकेका चुंबकाच्या पट्टीवर एकेक नाव, चांगला वर आणि सुमार खाली. डावीकडच्या भिंतीवर स्वतःच्या संघातली नावं. गुरुवारी संध्याकाळी लीगमधले सगळे संघ पाळीपाळीने एकेक पोरगा उचलणार, आणि ज्याने चुकीचा उचलला त्याला गावातला न्हावीसुद्धा पुढची दहा वर्षं तोंडावर बोलून दाखवणार.

खेळाडू आणायचे आणि खेळाडू काढायचे, हे लेनचं काम. आणायचं काम त्याला आवडायचं. गेल्या मोसमात पायलट्सचा तरुण क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळा डाव चालवणारा गडी, इतक्यांदा जमिनीवर आपटला की शेवटी त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं. संघाच्या मालकीणबाई मिसेस राइस्टर कधी आवाज चढवायच्या नाहीत. लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांतल्या, एका शुक्रवारी, चर्चमधल्या मासळीच्या जेवणाला, त्या लेनच्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "लेन, पुढच्या डिसेंबरात ते पोर उभं दिसलं पाहिजे. नाहीतर तुम्ही दिसणार नाही." मग त्यांनी लिंबाची फोड मागितली. त्या दिवसापासून लेनचा जीव टांगणीला लागला होता.

क्वार्टरबॅकचा पहिला रखवालदार म्हणजे सेंटर. तो चेंडूवर ओणवा होतो, पायांमधून चेंडू मागे देतो, आणि त्याच क्षणी समोरचा दीडशे किलोचा माणूस त्याच्या डोक्यावर येऊन आदळतो. पायलट्सकडे ही जागा बारा मोसम टेरेल ओडमची होती. लेन त्या वेळी गावोगाव भटकून खेळाडू हुडकायचा. मिसिसिपीतल्या एका कॉलेजात, जिथल्या मैदानाला धड कुंपणही नव्हतं, तिथे त्याला हा दिसला. सगळे हसले, लेन हट्टाला पेटला, आणि ओडमने त्याचं सोनं केलं. आज लेन ज्या खुर्चीत बसला होता, ती त्या एका निवडीने त्याला दिली होती. पण आता ओडमचं वय झालं होतं. पडला की उठायला वेळ लावायचा.

म्हणून लेनने बेत आखला होता. पहिल्याच पाळीला नेब्रास्काचा गॅरेट लिंडहोल्म उचलायचा. सेंटरांत त्याची पट्टी सगळ्यात वर होती, आणि गाईंच्या गोठ्यात वाढलेल्या त्या पोराची मान दरवाजाएवढी रुंद होती. मग जूनमध्ये ओडमला मोकळं करायचं. हा बेत लेनला आणि शोधपथकाचा म्होरक्या रे डोम्ब्रोव्स्की याला, दोघांनाच ठाऊक होता. डाव्या भिंतीवर अगदी खाली, "जून" असं लिहिलेल्या रांगेत, ओडमची पट्टी पाठमोरी लावलेली होती. कोणी वाचू नये म्हणून.

इथवर सगळं रीतसर होतं. मग लेनने स्वतःच्या हाताने घोळ घातला.

ड्राफ्टआधी पाहुणा म्हणून आलेल्या पोराला संघातला एखादा जुना गडी जेवायला नेतो. साहेबांसमोर जे पोरगं तोंड उघडत नाही, ते मांस कापता कापता सगळं बोलून जातं, आणि दुसऱ्या सकाळी साहेब जुन्याला विचारतात, कसा वाटला? गॅरेट यायचा ठरला तेव्हा लेनने ओडमलाच पाठवलं. असली पोरं कित्येक वर्षं तोच नेत आला होता. दुसऱ्याला पाठवलं असतं तर ओडमला वास लागला असता.

"कोंबडीच्या हातात सुरी देऊन विचारतोयस, धार बरी आहे का म्हणून," रे म्हणाला.

"टेरेल तसा नाही."

"गड्या, आपली मान सुरीखाली असली की सगळेच तसे असतात."

जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओडम कॉफीचे दोन कागदी पेले घेऊन आला. एका पंजात दोन्ही. एक त्याने लेनच्या हातात दिला. लेनने "आई गं" करत तो टेबलावर ठेवून दिला आणि बोटं कानाच्या पाळीला लावली. ओडम आपला पेला तसाच धरून खुर्चीत बसला.

"काय मग? कसा वाटला?" लेनने विचारलं.

"पोरगा चांगला आहे. आईला दिवसातून दोनदा फोन करतो."

"आणि?"

"घेऊ नकोस त्याला."

"का?"

"का नाही. घेऊ नकोस, बस्स." आणि तो उठून व्यायामशाळेत निघून गेला.

तेव्हापासून लेनच्या डोक्यात भुंगा लागला. कारण न सांगता नको म्हणणारा माणूस एक तर फार जाणतो, नाहीतर फार घाबरलेला असतो. त्याने गॅरेटचे सगळे सामने पुन्हा बघितले. पोरगा समोरच्याला उचलून बाजूला ठेवत होता. शेवटच्या काही सामन्यांत त्याने मागे दिलेले दोन-चार चेंडू खाली गेले होते खरे. रे म्हणाला, थंडी होती, नोव्हेंबरात माझे दातही जागेवर राहत नाहीत. डॉक्टरांचा अहवाल स्वच्छ होता. हृदय, गुडघे, मान, सगळं ठीक. मग ओडमला काय दिसलं असेल? काही दिसलंच नसेल. जागा वाचवायला बघत असेल बिचारा. आणि हे मनात येताच लेनला स्वतःची लाज वाटे, आणि लाज वाटताच पुन्हा वाटे, पण खरंच तसं असेल तर? ओडमचं ऐकून पोरगा सोडला आणि तो दुसरीकडे जाऊन गाजला, तर मिसेस राइस्टर लिंबू मागायलाही थांबायच्या नाहीत. आणि न ऐकता घेतला आणि फसला, तरी तेच. रात्री बायको म्हणाली, "लेन, तू झोपेत सेंटर सेंटर म्हणतोस." तो म्हणाला, "मी झोपलोच नव्हतो."

गुरुवारी दुपारी त्याला राहवेना. त्याने ओडमला त्या खोलीत बोलावलं, दार लावलं, आणि यंत्रातून दोन कॉफ्या काढून टेबलावर ठेवल्या.

"शेवटचं विचारतो, टेरेल. का नको?"

"सांगितलं ना, नको म्हणजे नको."

"हे काय कारण झालं? आज संध्याकाळी खोलीभर लोक मला विचारणार आहेत."

"माझं नाव सांग त्यांना."

"तुझं नाव सांगून कसं चालेल? सगळ्यांना माहीत आहे की तो आला तर तू..."

"तर मी काय?"

 जे आठवडाभर लेनच्या पोटात होतं ते बाहेर पडलं. "तर तुझी जागा जाते. आणि ती वाचवायला तू त्या पोराच्या वाटेत काटे टाकतोयस."

 ओडमचं तोंड एवढंसं झालं. एवढ्या थोराड माणसाचं तोंड असं लहान झालेलं लेनने कधी पाहिलं नव्हतं. ओडमने समोरचा पेला उजव्या हातात घेतला, पाचही बोटांनी वेढून, आणि त्यातली वाफ बघत बसला.

"त्या रात्री वाढणारी पोरगी लोखंडी ताटली घेऊन आली," तो सावकाश म्हणाला. "मांस अजून चुरचुरत होतं. म्हणाली, ताटलीला हात लावू नका हं, भाजेल. पोरगं बोलण्याच्या नादात होतं. आमच्याकडे गाय व्यायली की आजोबा कसे रात्रभर बसतात, असलं काहीतरी. बोलता बोलता त्याने उजव्या हाताने ती ताटली पुढे ओढून घेतली. आणि बोलतच राहिला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? बोटं भाजली त्याची. त्याला पत्ताच नाही. मी बघतोय हे त्याने बघितलं, मग हात टेबलाखाली गेला. बाहेर गाडीपाशी रडला माझ्याजवळ. ऑक्टोबरात मानेला एक दणका बसला, तेव्हापासून अंगठा आणि दोन बोटं मेलीत. कुणाला सांगू नका म्हणाला. घरच्यांनाही माहीत नाही."

"पण डॉक्टरांनी तपासलंय त्याला! हातसुद्धा!"

"डॉक्टर टाचणी टोचतात आणि विचारतात, कळली? डोळे मिटा म्हणतात. आपण किलकिले ठेवायचे आणि त्यांच्या कोपराकडे बघायचं. कोपर हललं की हो म्हणायचं. तक्रारच नसेल तर मानेचा फोटो कोण काढतो?"

"हे त्याने सांगितलं तुला?"

"नाही," ओडम म्हणाला.

लेनने आपल्या पेल्याला नुसतं बोट लावून बघितलं आणि झटक्यात मागे घेतलं. मग त्याची नजर ओडमच्या हातावर गेली. ओडम अजून तो पेला तसाच धरून बसला होता.  त्या दिवशी सकाळी हाच पंजा, दोन पेले, यंत्रापासून इथवर. लेनने ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि बोटं कानाला लावून बसला होता.

"ठेव तो," तो म्हणाला. "टेरेल, ठेव खाली."

ओडमने पेला ठेवला. तळवा लालबुंद झाला होता.

"कधीपासून?"

"दोन मोसम. फक्त बायकोला ठाऊक आहे, शेरीला. तिच्यासमोरच भट्टीतून टर्कीचं भांडं काढलं होतं मी, फडकं न घेता."

"आणि तू तसाच खेळत राहिलास? एक दणका चुकीचा बसला असता तर..."

"माहीत आहे. म्हणून तर म्हटलं, त्याला घेऊ नकोस. तू घेतलास तर तो खेळणार. मला माहीत आहे, तो खेळणारच."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, तुला कसं कळलं. मग डॉक्टरकडे मी." त्याने लाल हात पँटला पुसला. "मला वाटलं होतं, मी नको म्हटलं की तू थांबशील. बारा वर्षांत तुला खोटं सांगितलं नाही मी. हे एक सोडून. वाटलं होतं, एवढं पुरेल."

 एका शब्दावर भरवसा ठेवला असता तर या माणसाला आणखी एक मोसम मिळाला असता. की त्याच मोसमात तो कायमचा आडवा झाला असता? हे लेनला धड ठरवता येईना, आणि न ठरल्यामुळे अपराध्यासारखं वाटायचं काही थांबेना.

ओडम उठला. समोरच्या भिंतीवरून त्याने गॅरेटची पट्टी काढून टेबलावर ठेवली. मग तो डाव्या भिंतीकडे वळला. "आता माझीही काढतो. तुझी दोन्ही कामं एकदमच होतील." सेंटरच्या रांगेत त्याने आपलं नाव शोधलं. तिथे नव्हतं.  ओडमची नजर रांग रांग खाली उतरत गेली आणि शेवटी त्या एका पाठमोऱ्या पट्टीवर थांबली. त्याने ती उजव्या हाताने उचलायला घेतली. ती बोटांतून निसटून फरशीवर खणकन पडली. वाकून त्याने ती डाव्या हाताने उचलली आणि उलटून बघितली.

"जून," त्याने भिंतीवरचं वाचलं. "कधी ठरलं?"

"फेब्रुवारीत."

"म्हणजे मला त्याच्याबरोबर जेवायला धाडलंस तेव्हा..."

"हो."

"शेरी म्हणालीच होती. म्हणाली, लेन तुला तुझ्याच निरोपाच्या जेवणाचा यजमान करून पाठवतोय. मी भांडलो तिच्याशी." तो हसला, पण ते हसू लेनला बघवेना. "तिची माफी मागायला हवी."

"माझी चूक झाली, टेरेल. मोठी चूक झाली."

"ते असू दे. पोराला फोन कर. माझा उचलत नाही तो. आजपर्यंतची मुदत दिली होती मी त्याला, सगळ्या संघांना स्वतःहून सांगायची. सांगितलं नाही त्याने."

लेन क्षणभर घुटमळला. पायलट्सच्या आधी पाळी असलेल्या एका संघाचा गॅरेटवर डोळा होता. आपण तोंड शिवून बसलो तर ते लोक आपली निवड वाया घालवतील, आणि त्यांना हवा असलेला दुसरा कोणी आपल्या वाट्याला येईल. हा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप झाला, इतक्या वर्षांच्या सवयीने. ओडम त्याच्याकडे बघत होता. लेनने फोन उचलला आणि आवाज दोघांना ऐकू येईल असा लावला.

पहिल्या घंटीलाच फोन उचलला गेला. मागे ड्राफ्टसाठी जमलेल्या माणसांचा गलका होता, कोणीतरी शेगडीवर मांस भाजत असावं, एक कुत्रा भुंकत होता.

"मी टोलेडोहून लेन कोव्हाक्स बोलतोय."

"सर!" पोराचा आवाज फुटला. "आई! अगं आई, टोलेडो! टोलेडोचा फोन आहे!" तिकडे एकच आरोळी उठली. कोणी टाळ्या पिटल्या, कोणी शिट्टी मारली, एका म्हाताऱ्याने मोठ्याने देवाचं नाव घेतलं. "बोला ना सर. ऐकतोय मी. घेताय ना मला?"

लेनने डोळे मिटले.

"गॅरेट," तो म्हणाला, "फोन कुठल्या हातात धरलायस, बेटा?"

गलका चालूच होता. पोराचा आवाज मात्र एकदम खाली आला.

"डाव्या," तो म्हणाला.

ओडमने हात पुढे केला, आणि लेनने फोन त्याच्याकडे दिला.