दांड्यापलीकडचा रविवार

सिस्टरने अट घातली, तेव्हा ती पुरी होणार नाही अशी तिची मनोमन खात्री होती. म्हणून तर घातली होती.

सिस्टर म्हणजे डोंगरावरच्या इस्पितळात तीस वर्षं नर्स असलेली बाई. निवृत्त झाली तरी सगळं बंदर तिला सिस्टरच म्हणायचं, आणि घरातही तिचा आवाज वॉर्डातलाच लागायचा. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. मागे राहिली त्याची बोट आणि सव्वीस वर्षांची एकुलती एक लेक. या लेकीला आता आठ दिवसांच्या वाटेवरच्या एका बंदरात शिडाच्या होड्या शिकवायची नोकरी लागली होती, आणि ती बापाची बोट घेऊन सोमवारी एकटीच तिकडे निघणार होती.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक दांडा होता. भर भरतीला त्याच्यावरून बोट सहज निघून जायची. ओहोटीला मात्र तिथे पाणी गुडघाभर, आणि लाटा भिंतीएवढ्या. या दांड्यावर आपटलेल्या माणसांना सिस्टरने स्वतःच्या हाताने पट्ट्या बांधून घरी पाठवलं होतं, आणि दोघांना घरी पाठवता आलं नव्हतं. मुलगी लहान असताना तिने नवऱ्याकडून कबूलच करून घेतलं होतं की पोरीला खाडीत काय फिरवायची ती फिरवा, दांड्यापलीकडे न्यायची नाही. नवरा "बरं" म्हणाला होता. भांडायचा स्वभाव नव्हता बिचाऱ्याचा.

लेकीला सरळ "जाऊ नकोस" म्हणायची सोय नव्हती. सव्वीस वर्षांची घोडी ती, ऐकते कशाला! म्हणून सिस्टर म्हणाली, "जा. पण तुझ्या त्या नव्या स्क्रीनवर माझा विश्वास नाही. बाबांचं मशीन त्याला जोड. जागा सांगताना ते कधी चुकलेलं नाही. सगळ्या यंत्रांनी आधी त्याचं ऐकायचं, मग दुसऱ्या कुणाचं."

बाबांचं मशीन म्हणजे उपग्रहांकडून बोटीची जागा ओळखणारा पंचवीस वर्षांचा एक राखाडी डबा. पुढे हिरवे आकडे, मागे रंग उडालेल्या दोन बारीक तारा. लेकीने बोटीवर बसवलेली नवी यंत्रं एका जाड केबलवर होती. त्यांचा आणि डब्याचा काही मेळ बसेल असं सिस्टरला वाटलं नव्हतं. मेळ बसला नाही, की जाणं आपोआप लांबणार. आठवडाभर लांबलं तरी मिळवली.

पण रविवारी सकाळी सातला लेकीने बोलावलेला फ्यूज हत्यारांची पेटी घेऊन दत्त म्हणून उभा राहिला. हा बोटींच्या विजेची कामं करणारा माणूस. डोकं पटकन तापायचं म्हणून बंदराने त्याचं हे नाव ठेवलं होतं आणि त्यालाही त्याचा राग उरला नव्हता. आठवडाभर तो गोदीत नोकरी करायचा आणि रविवारी असली खाजगी कामं घ्यायचा.

"होईल की हो सिस्टर!" पेटी उघडायच्या आतच तो म्हणाला. सिस्टरच्या कपाळाला आठी पडली.

तिघं केबिनमध्ये दाटीवाटीने बसले. फ्यूज गुडघ्यांवर बसून बोलत होता, हात तारा सोलत होते. "नव्या यंत्रांचं एकत्र कुटुंब असतं बघा. केबल एकच. ज्याला बोलायचं तो थोडक्यात बोलतो, बाकीचे ऐकतात, मग दुसऱ्याची पाळी. जुन्याचं तसं नाही. ते आपल्या तारेवर एकटंच बोलत राहतं. लांबलचक वाक्यं, दर सेकंदाला. दुसऱ्या कुणाचं ऐकायची सोयच नाही त्यात."

"मग ह्यांचंच आहे ते," सिस्टर म्हणाली. लेक खुदकन हसली.

फ्यूजने जुन्या तारा आधी आपल्या लॅपटॉपला लावल्या. काळ्या पडद्यावर ओळी धावू लागल्या. चिन्हं, आकडे, स्वल्पविराम, पुन्हा चिन्हं. एक ओळ संपते न संपते तोच दुसरी. सिस्टर वाकून बघत राहिली. या दोन तारा गेली पंचवीस वर्षं भिंतीमागे नुसत्या लोंबकळत होत्या. म्हणजे नवरा बोट चालवत होता तेव्हाही हा डबा दर सेकंदाला आपण कुठे आहोत ते सांगत होता, आणि ते ऐकायला तारेच्या टोकाला कुणीसुद्धा नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला. वॉर्डात अशी माणसं तिने पाहिली होती.

"आता हा मधे बसवायचा," म्हणत फ्यूजने काडेपेटीएवढी एक डबी काढली. "दुभाष्या. त्याची वाक्यं ऐकून यांच्या भाषेत सांगतो." डबी केबलला लावली, स्क्रीनच्या यादीत जुन्या मशीनचं नाव पहिलं केलं, बटण दाबलं.

स्क्रीनवर नकाशा उमटला. खाडी, धक्का, धक्क्याचे खांब, आणि तिसऱ्या खांबाच्या डाव्या अंगाला एवढीशी बोट. सिस्टरने खिडकीतून बाहेर पाहिलं. तिसरा खांब आणि डावं अंग.

"वीस हजार किलोमीटर वरून," फ्यूज म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने शंभरेक बोटींवर हे केलं असेल, तरी त्याचा आवाज खाली आला होता. "उपग्रहातून निघालेल्या लाटेला इथवर यायला किती वेळ लागला, तेवढ्यावरून ओळखतं. सेकंदाचे अब्ज तुकडे करायचे आणि त्यातले मोजायचे. म्हाताऱ्याने मोजले बघा!"

सिस्टरचा ऊर भरून आला. पण अट पुरी झाली होती. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

लेकीने तिच्या गळ्यात हात टाकले. "झालं ना तुझ्या मनासारखं? आणि हे बघ, भरतीची वेळसुद्धा हा स्क्रीनच दाखवतो. आजची पूर्ण भरती दहा वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे उद्या अकराच्या सुमारास. तेव्हा निघते."

"आत्ता किती वाजले?"

"दहाला पाच कमी."

सिस्टरने पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. धक्क्याच्या पायऱ्या खालपर्यंत उघड्या पडल्या होत्या, शेवाळ उन्हात वाळत होतं, आणि दोन बगळे चिखलात खुशाल फिरत होते.

"ही तुमची भरती?" तिने विचारलं.

फ्यूजने एकदा बगळ्यांकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे. मग दुभाष्या काढून परत लावला, मशीन बंद करून चालू केलं. दहा-दहा. त्याचे कान लाल व्हायला लागले. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. उद्या अकरा म्हणजे भर ओहोटी. भर ओहोटीला ती दांड्यावर जाणार होती, तीही एकटी.

"बघितलंत?" सिस्टरचा वॉर्डातला आवाज लागला. "संपलं. कुणी कुठे जायचं नाही!"

पण तोंडाने हे म्हणतानाच तिला आपली अट आठवली. आधी याचंच ऐकायचं, हा हट्ट कुणाचा होता? स्क्रीनला स्वतःची अक्कल होती, ती तिनेच मागे ढकलायला लावली होती. पोरीला मायेपोटी थांबवू पाहणारी बाई तिला वाळूवर घालायला निघाली होती.

"थांबा, थांबा," फ्यूज पुटपुटला आणि त्याने स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या मुंगीएवढ्या आकड्यांवर बोट ठेवलं. तारीख होती. दोन एप्रिल. महिना नोव्हेंबरचा चालू होता, सोळा तारीख. आणि साल? साल जवळजवळ वीस वर्षांपूर्वीचं.

त्याने कपाळावर हात मारून घेतला. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. सिस्टर, चूक माझी. उपग्रह तारीख सांगत नाहीत, आठवड्याचा नंबर सांगतात. तो एक हजार तेवीसपर्यंत जातो, की पुन्हा शून्य. आत्ता कितवी फेरी चालू आहे, ते यंत्राने आपलं आपण ओळखायचं. नवी ओळखतात. हा म्हातारा एक फेरी मागे राहिला. एक हजार चोवीस आठवडे. त्याच्या लेखी आज तो रविवार आहे, म्हणून स्क्रीनने भरतीही त्या दिवसाची काढली."

"पण बाबांच्या कधी लक्षात कसं नाही आलं?" लेकीने विचारलं.

"पुढे दिसते ती फक्त जागा. तारीख आत कुठेतरी. आणि भरती ते छापील पुस्तकात बघायचे."

सिस्टर त्या राखाडी डब्याकडे बघत राहिली. सेकंदाचा अब्जावा तुकडा ज्याला चुकत नाही, त्याला साल कोणतं ते कळत नव्हतं. आणि त्याचं ऐकून बोटीवरची सगळी यंत्रं, तो स्क्रीन, ते घड्याळ, तो रेडिओ, गुण्यागोविंदाने वीस वर्षांपूर्वीच्या सकाळी जाऊन बसली होती. आज खरा कोणता दिवस आहे हे फक्त तीन माणसांना आणि दोन बगळ्यांना ठाऊक होतं.

"नुसतं असं म्हणून चालणार नाही," फ्यूज म्हणाला. "तारीखच चुकली की आणखी काही, याची खात्री करायला हवी. त्या दिवशीची भरती कुठे लिहिलेली सापडेल?"

होती की. नवरा बोटीवर पाऊल ठेवायचा त्या दिवशी वहीत ओळ लिहायचाच. वह्या फळीवर ओळीने उभ्या होत्या. वारा आणि पाण्याच्या असल्या नोंदी वाचायची सिस्टरला कधी गोडी वाटली नव्हती आणि तो गेल्यापासून वह्यांना हात लावायचा धीर झाला नव्हता. तिने वर्ष पाहून एक वही ओढली, पानं उलटली. दोन एप्रिल, रविवार. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"भरती दहा-दहा."

फ्यूजने आ वासला. लेकीने स्क्रीनकडे पाहिलं. मिनिटाचाही फरक नव्हता. वीस वर्षांपूर्वीचा चंद्र कुठे होता, त्याने खाडीत पाणी किती वाजता चढवलं, ते एका बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं होतं आणि दुसऱ्या बाजूला काचेवर उजळलेलं होतं. म्हातारं मशीन खोटं बोलत नव्हतं. ते फक्त त्या रविवाराबद्दल बोलत होतं.

सिस्टर पुढे वाचत होती. "वारा मंद. दांड्यावर पाणी अडीच मीटर. सुकाणू पिल्लूकडे. दहा-वीसला दांडा पार. पिल्लू घाबरली नाही. बाराला परत. घरी अळीमिळी गुपचिळी."

पिल्लू म्हणजे लेक. त्या दिवशी सहा वर्षांची.

फ्यूजने पेटीत तोंड खुपसून उगाच एक पक्कड शोधायला घेतली. सिस्टरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ओळ तीच होती.

"मला 'बरं' म्हणाले होते," ती म्हणाली.

"आई..." लेक चाचरली. "एकदाच नाही गं. तुझी रविवारी दिवसपाळी असायची ना, मग भरती दिवसा सापडली की आम्ही जायचो. बाबा म्हणायचे, तुला कळलं तर तुला ड्यूटीवर जीव लावून काम करता येणार नाही."

सिस्टरने पुढची पानं उलटली. पिल्लू. त्याच्या पुढची वही. पिल्लू. सातव्या वर्षी, आठव्या वर्षी. ज्या दांड्याच्या धास्तीने तिने इतक्या रात्री तळमळत काढल्या, तो पोरीने दुधाचे दात पडायच्या आतच घरचा उंबरठा करून टाकला होता. राग यायला हवा होता. तो आलाही, पण टिकेना. नवरा असता तर त्याला चार शब्द सुनावून मग पोटभर हसली असती.

फ्यूजने दुभाष्याला बजावलं की म्हाताऱ्याकडून जागा घ्यायची, तारीख घ्यायची नाही. क्षणात स्क्रीनवर सोळा नोव्हेंबर आलं. पूर्ण भरती: तीन छप्पन्न.

"चारला मला घेऊन चल," सिस्टर म्हणाली. "बघू दे मला काय ते."

चारला पाणी चढलं होतं. लेकीने बोट खाडीच्या तोंडाशी आणली. खोलीचे आकडे उतरू लागले, पाच, चार, तीन, अडीच, आणि सिस्टरने कठडा असा धरला की बोटं पांढरी झाली. लेकीची नजर पुढच्या पाण्यावर होती. बोट एकदा उचलली गेली, एकदा हलकेच खाली बसली, आणि आकडे भराभर वाढत गेले. नऊ. पंधरा. तीस. समोर काहीच नव्हतं, इतका समुद्र होता. तीस वर्षं त्याच्या काठावर राहून सिस्टरने तो असा पाहिला नव्हता. हे नवऱ्याला रोज दिसत होतं, आणि कुणाला तरी दाखवल्याशिवाय त्याला राहवलं नसणार, हे तिला आत्ता कळलं.

लेकीने बोट वळवली. गाव सगळं समोर आलं, आणि सगळ्यात वर, डोंगरावर, इस्पितळ. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उन्हाने चमकत होत्या.

"तो तुझा वॉर्ड," लेक म्हणाली. "इथे आलो की बाबा इंजिन बंद करायचे. म्हणायचे, आई तिथे आहे, हात हलव. मी दोन्ही हात हलवायचे. मला वाटायचं तुला दिसतं, आणि तूही गुपित ठेवतेस."

त्या खिडक्यांना पाठ करून सिस्टरने तीस वर्षं सलाईनं लावली होती. मागे वळून बाहेर पाहायला रविवारीसुद्धा फुरसत झाली नव्हती. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही. वाऱ्याने आपोआप वाळत होतं.

"उद्या भरती कधी आहे?" तिने विचारलं.

"पावणेपाचला."

"मग मी धक्क्यावर येणार नाही. वॉर्डातल्या पोरी मला अजून आत सोडतात. साडेचारपासून मी दुसऱ्या मजल्यावर उभी राहीन, डावीकडून तिसरी खिडकी. इथे आलीस की इंजिन बंद कर आणि हात हलव."