पहिल्या मिठाचा रंग

टपाल नाक्याजवळच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर आला त्याला जेमतेम चार महिने झाले होते. गिऱ्हाईक नसलेली माणसंही काचेला नाक लावून तो बघून जात. म्हणून कादंबरी मुद्दाम टळटळीत दुपारी गेली. कॉलेजच्या ग्रंथालयातून तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती आणि पर्समध्ये, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, आईचा फोटो होता.

कॉम्प्युटरवर भावेश बसायचा. उरणच्या वाटेवरच्या एका आगरी गावातला, चोवीस-पंचवीसचा. मुंबईत सहा महिने फोटो सुधारायचा कोर्स करून आलेला. त्याने फोटो उजेडात धरला.

"ताई, हा तर पार लाल झालाय."

फोटो वीस वर्षांपूर्वीचा, रंगीत. इतकी वर्षं अल्बममध्ये राहून तो कुंकवाच्या पाण्यातून काढल्यासारखा झाला होता. आकाश लाल, साडी लाल, आईचा चेहरा लाल. मिठागरात उभी राहून ती हसत होती. मागे मिठाची रास, आणि पुढे केलेल्या ओंजळीतही मीठ. उजव्या कडेला कुणा बाईचा नुसता हात आला होता, कोपरापर्यंत, टोपली धरलेला.

"होईल का काही?" कादंबरीने विचारलं.

"लाल झाला म्हणजे बाकीचे रंग मेले असं नाय. ते दबलेत. त्यांना वर काढायचं. कधी पाहिजे?"

"रविवारी वर्षश्राद्ध आहे."

भावेशने फोटो जपून पाकिटात घातला. मग म्हणाला, "उद्या या. एकदम फर्स्ट क्लास करून ठेवतो."

कादंबरीने त्याला सगळं सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. आशालताबाई, म्हणजे तिची आई, काविळीसारख्या दिसणाऱ्या, पण कावीळ नसलेल्या आजारात सात महिने अंथरुणावर होती. त्या सात महिन्यांत कादंबरीने तिचं सगळं केलं आणि त्याबद्दल तिची कसलीच तक्रार नव्हती. पण आई गेल्यावर एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. डोळे मिटले की आई यायची ती पिवळीच. डोळे पिवळे, नखं पिवळी, उशीवरचा हात पिवळा. त्याआधीची सदतीस वर्षं तिने रोज पाहिलेला चेहरा त्या पिवळ्याखाली गेला होता. घरातले जुने फोटो काळे-पांढरे. रंगीत असा हा एकच. अप्पांनी, तिच्या वडिलांनी, वर्षभर भिंतीवर काहीच लावू दिलं नव्हतं. आजारपणातला पासपोर्ट फोटो मोठा करून आणला, तर त्यांनी तो उलटा करून कपाटात ठेवला. परवा मात्र ते आपणहून म्हणाले होते, "यंदा फोटो लावू या गं. पण तिचा."

'पण तिचा' म्हणजे काय, ते तिला बरोबर कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी भावेशने मोठ्या उत्साहाने खुर्ची पुढे सरकवली. पडद्यावर एक गोरीपान बाई होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मागचं मिठागर गायब, तिथे निळं आकाश आणि दोन ढग. टोपलीवाला हातही गेला होता.

"कशा दिसतात?" भावेशने विचारलं.

"कोण?"

"ताई, काय हो! तुमची आई."

"भावेश, माझी आई सावळी होती."

"ते दिसलं मला. पण हाराचा फोटो सगळे उजळ करूनच मागतात. परवा एका काकांनी तर आजोबांना तीनदा परत आणलं, अजून गोरे करा म्हणून. तिसऱ्यांदा नातूच ओळखेना. पैलवान वाटले म्हणाला."

कादंबरीला हसू आलं. वर्षभरात असं अचानक हसू तिला क्वचितच आलं होतं. पण भावेशचा चेहरा पडला, हेही तिने पाहिलं. त्याने रात्री जागून काम केलं असावं.

"काम सफाईचं आहे," ती म्हणाली. "फक्त ही आमच्याकडची नाही. मला होती तशी हवी."

"बसा मग." त्याने ती फाईल बंद केली, फोटो पुन्हा स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवला, आणि प्रकाशाची पट्टी खालून सरकत गेली. "आता तुमच्यासमोर करतो. हे बघा, हा ड्रॉपर. डोळ्यात औषध घालायचा असतो तसा. फोटोत जे पांढरंशुभ्र असायला पाहिजे त्याच्यावर हा टेकवायचा. मग मशीनला कळतं की पांढरं हे, आणि त्या हिशोबानं ते बाकीचे सगळे रंग सरळ करतं. तुमच्या फोटोत आपलं नशीब चांगलं. मीठच हाय!"

बोलण्याच्या भरात त्याच्या तोंडी गावचं 'हाय' आलं. त्याने ड्रॉपर राशीवर टेकवला.

लाल एका झटक्यात गेला. आकाश निळं झालं, रास लख्ख पांढरी झाली. आणि आई पिठूळ झाली. ओठ जांभळट, गालांवर राख. पिवळी नव्हती, पण आजारीच होती. वेगळ्या आजाराने.

"अशी नव्हती," कादंबरी हळूच म्हणाली.

"मग कशा होत्या? सांगा, तसं करतो. हे बघा, इथं लाल वाढवता येतो, इथं पिवळा."

"पिवळा नको."

"गव्हाळ?"

"सावळी."

"सावळी म्हणजे किती?"

आयुष्यभर तिने पुस्तकं वाचली होती, आणि पुस्तकांत सावळ्या रंगाला शब्द किती! त्यातला एकही या मशीनला सांगण्याजोगा नव्हता. तिने स्वतःचा हात पडद्याजवळ नेला. "माझ्यापेक्षा..." ती थांबली. माझ्यापेक्षा उजळ की काळी? बाजारात दोघी बरोबर निघाल्या की लोक काय म्हणायचे? आठवेना. तिने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. भावेशने माऊस सोडला. त्याला काहीतरी कळलं असावं, कारण तो उगाचच उठून पंखा मोठा करून आला.

एवढ्यात दार ढकलून एक बाई आत आली. हातात पितळी डबा, नऊवारी आखूड नेसलेली, बांधा काटक. "पोऱ्या, दोन वाजलं. जेवलास नाय ना?"

"आय, गिऱ्हाईक हाय."

"गिऱ्हाईक जेवून आलंय, तू नाय आलास." त्याच्या आईने, रंभाबाईंनी, डबा टेबलावर ठेवला आणि पडद्याकडे पाहिलं. पाहतच राहिल्या. मग पुढे वाकल्या. "ह्ये मीठ कवाचं?"

"आय, फोटो वीस वर्षांपूर्वीचा हाय."

"वरीस नाय विचारत. महिना कुठला?"

महिना फोटोच्या पाठीवर लिहिलेला होता. फोटो स्कॅनरवर होता, पण मागचा मजकूर तिला पाठ होता. आईच्या शाळामास्तरणीच्या अक्षरातला. "जानेवारी एकोणऐंशी. सातवीची सहल, मिठागर. मीठ हातावर देईनात, म्हणून मीच वाकून घेतलं."

रंभाबाई मोकळ्या हसल्या. "हातावर कोन देईल? भांडण होतं. बाई हुशार होती, स्वताच घेतलं." मग पडद्यावर बोट टेकवलं. "पन जानेवारीत असं मीठ नसतं बाय. यो चुना लावलाय तुमी."

"आय, मीठ पांढरंच असतं," भावेश म्हणाला.

"कोर्स करून आलाय! वाण्याच्या पुडीतलं पांढरं असतं. चैतातलं पन पांढरं. जानेवारीत पयलं मीठ निघतं, ते खालची माती घेऊन येतं. ओलं असलं म्हंजे पारव्याच्या पाठीवानी दिसतं. तू ल्हान होतास तवा त्याच राशीत लोळायचास, अन आता इसरलास?"

भावेशने कानाची पाळी धरली. कादंबरी मात्र सरळ होऊन बसली होती. मशीनला आईचा रंग सांगता येत नव्हता. पण आईच्या ओंजळीतला, तिच्या कातडीला लागून असलेला एक रंग या बाईंना महिन्यासकट ठाऊक होता.

"तुमच्याकडे आता निघालंय का पहिलं मीठ?" तिने विचारलं.

"भावाच्या आगरात परवापासून ओढतात. आता तेवढंच एक आगर राहिलंय आमच्याकडं, बाकी सगळी जमीन गेली. उद्या डब्याबरोबर घेऊन येते."

"तुम्हाला त्रास..."

"कसला त्रास? मूठभर मीठ तं हाय."

शुक्रवारी रंभाबाई आल्या त्या दोन डबे घेऊन. कादंबरीने पटकन हात पुढे केला, तसा त्यांनी डबा मागे घेतला, टेबलावर ठेवला आणि मग तिच्याकडे सरकवला. "घे आता." कादंबरीने झाकण काढलं. ओलसर, जाड खडे. पारव्याच्या पाठीसारखे, अगदी तसेच.

"हे काचेवर ठेवू?" ती म्हणाली.

"ताई, मशीन शेठचं हाय. खारं पाणी आत गेलं तर तो मलाच मिठात घालून वाळवेल." भावेशने दोन स्वच्छ प्लास्टिकच्या पिशव्या एकात एक घातल्या, आत मीठ पसरलं, गाठ मारून दोनदा उलटी करून पाहिली, आणि देवाचं नाव घेऊन ती काचेवर ठेवली. प्रकाशाची पट्टी मिठाखालून गेली. पडद्यावर खडे उमटले. त्यांच्या रंगाचे, लाल-हिरवा-निळा किती ते सांगणारे, तीन आकडे त्याने बिलाच्या पाठीवर उतरवून घेतले. मग त्याने ड्रॉपरला 'पांढरं' म्हणून दिलेलं माप पुसलं आणि तिथे ते आकडे घातले.

"आता ह्याला कळेल, मीठ म्हंजे काय," तो म्हणाला, आणि राशीऐवजी आईच्या ओंजळीतल्या मिठावर ड्रॉपर टेकवला.

कादंबरीने आधी चेहरा पाहिला नाही. तिला धीर झाला नाही. तिने साडी पाहिली. काठ गर्द हिरवा झाला होता. त्या साडीची पुढे गोधडी झाली होती आणि त्या गोधडीत ती स्वतः झोपली होती. मग मनगट. उन्हात रापलेलं, घड्याळाच्या पट्ट्याखाली एक बोटभर उजळ. मग गळा, आणि मग चेहरा. दुपारभर चाळीस पोरांमागे उन्हात फिरलेल्या, घाम पुसायचा राहून गेलेल्या बाईचा तुकतुकीत सावळा चेहरा. नाकावर चष्म्याचे दोन खळगे.

तिला एकदम परातीत कणीक मळणारे हात आठवले. कोपरापर्यंत पिठाचे, आणि पिठातून दिसणारा हाच रंग. "बघतेस काय, तेल दे," हेही आठवलं. तिने डोळे मिटले. आई आली. पिवळी नव्हती.

पंखा तेवढा कुरकुरत होता.

"बरोबर आहे का, ताई?"

"बरोबर आहे."

"नक्की ना? थोडं उजळ..."

"भावेश."

"नाय नाय, विचारलं फक्त." त्याने घाईघाईने फाईल सेव्ह केली, वीज जाईल म्हणून पुन्हा एकदा केली. मग कडेकडे माऊस नेला. "आणि हा हात? हा काढून टाकू ना? उगाच आलाय मधे."

रंभाबाई पदराचं टोक दातात धरून बघत होत्या. टोपलीवरची बोटं आता काळीभोर दिसत होती, नखांच्या कडा मिठाने खाल्लेल्या, हिरव्या काचेच्या बांगड्या. "आमच्याच बायांपैकी कोनीतरी," त्या म्हणाल्या. "आमाला कोन फोटूत घेतं? हात आला चुकून."

"राहू दे तो," कादंबरी म्हणाली. "आणि भावेश, दोन प्रती काढ. एक तुझ्या आईला."

"मला कशाला तुज्या आयचा फोटू?" रंभाबाई म्हणाल्या.

"हात तुमच्याकडचा आहे," कादंबरी म्हणाली. तिला आणखी पुष्कळ म्हणायचं होतं. आभार हा शब्द तिच्या तोंडाशी आला आणि फार लहान वाटला. ती खाली वाकली आणि रंभाबाईंच्या पायांना हात लावला. त्या दचकून मागे सरल्या. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि भावेशवर ओरडल्या, "बघतोस काय? जेव आता!"

रविवारी सकाळी लाईन आळीतल्या घरी अप्पांनी स्वतः खिळा ठोकला. गुरुजी यायचे होते, स्वयंपाकघरात चुलत्या-मावश्यांची लगबग चालली होती. फ्रेम टांगून अप्पा दोन पावलं मागे गेले. कादंबरी त्यांच्या मागे उभी राहिली. त्यांचा चेहरा तिला दिसत नव्हता, फक्त मान.

"चष्मा काढून उभी राहिलीय," अप्पा म्हणाले.

"हो."

"नेहमीचंच. फोटोला काढायची आणि मग अर्धा तास शोधायची. त्या दिवशी मिठाच्या राशीत हरवून बसली होती. तिथल्या एका बाईने शोधून दिला म्हणाली." त्यांनी धोतराच्या सोग्याने काच पुसली. काच स्वच्छच होती. "हीच ती," ते म्हणाले, पण हे आईबद्दल की बाईबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कादंबरीने विचारलं नाही.

मावशी हात पुसत बाहेर आल्या, फोटोकडे बघून थबकल्या. "अगंबाई, आशाच! अगदी आशा!" मग जवळ गेल्या. "पण हा कडेला हात कुणाचा गं? कापून नाही का टाकायचा?"

"नको," अप्पा म्हणाले. "तिच्याबरोबर कुणीतरी आहे, ते बरं आहे."

कादंबरीने हार पुढे केला. अप्पांनी तो घातला, आणि हाराचा उजवीकडचा पदर जरा वर सरकवला, म्हणजे तो हात झाकला जायला नको.