धुतलेल्या डब्याचा सूड

मी डबा. स्टीलचा, तीन कप्प्यांचा, एका बाजूनं चेपलेला. आणि आधीच सांगून टाकतो, मी मोठ्या मनाचा वगैरे अजिबात नाही. बाकीच्या वस्तू आपली कहाणी सांगताना किती झिजलो, किती सोसलं याचं कौतुक करतात. मला ते जमणार नाही. मला चेपलं, त्याचा सूड मी डोळे भरून पाहिला, आणि पाहताना मजाही आली.

नाशिकच्या भांडी बाजारातून विठाबाईंनी मला भाचीच्या लग्नासाठी घेतलं. दुकानदारानं मशीन लावून झाकणावर नावं घातली: ‘बुद्धभूषण व सृष्टी यांस विठामावशीकडून सप्रेम भेट.’ गुदगुल्या झाल्या, पण मी जरा चढलोसुद्धा. दोघांची नावं अंगावर मिरवणारं भांडं त्या घरात मी एकटाच होतो ना!

भूषण सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर. शिफ्ट कुठलीही असो, सृष्टी त्याच्यासाठी मला भरायची. खाली भाजी, मध्ये वरणभात, वर चपात्या. तिखट झालं तरी तो बोटं चाटून खायचा. पहिली दोन वर्षं माझी छान गेली.

तिसऱ्या हिवाळ्यात सृष्टीची बोटं भांड्यांच्या साबणानं फाटली. भूषणनं पाहिलं, बोलला काही नाही. दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की कंपनीच्या नळावर मला स्वतः घासायला लागला. शेजारच्या मशीनवरचा मोतीराम चिडवायचा, “काय भूषण, बायकोची भांडी का?” तरी यानं सोडलं नाही. पण घरी एका शब्दानं सांगेल तर शपथ!

इकडे सृष्टीला लख्ख डबा परत आलेला दिसला की तिचा चेहराच उतरायचा. माझं झाकण उघडून ती वास घ्यायची. कप्प्यात शीत शोधायची. तीही काही बोलायची नाही. असं वर्षभर चाललं, आणि एका दुपारी पहिली शिफ्ट करून भूषण घरी आला तेव्हा तिनं थेट विचारलं, “कोणाकडे जेवता तुम्ही?”

“काय?”

“मी दिलेलं फेकता ना? कोण आहे ती?”

भूषणचं डोकं सटकलं. हातात मी होतो. फेकला मला भिंतीवर! कडी तुटली, कूस चेपली, झाकण घरंगळत मोरीत गेलं. वर म्हणतो कसा, “तुझ्याशी बोलण्यात अर्थच नाय.” अरे, भांडण तुमचं, मार मला? त्याच दिवशी ठरवलं, लेका, तुला सोडणार नाही.

मला काही करावंच लागलं नाही. सूड सृष्टीनंच सुरू केला. तुटक्या कडीच्या जागी दोरी बांधून मला पाठवायची, आणि रोज माझ्या भाजीत मूठभर मीठ. ‘खाल्ली तर बोंब मारेल. नाही मारली, तर फेकतोय हे पक्कं,’ असं पुटपुटत ती मीठ कालवायची. आणि भूषण? घास तोंडात गेला की डोळ्यांत पाणी, वर बाटलीभर पाणी. पण सगळं संपवायचा. मोतीराम म्हणाला, “अरे, सांग ना तिला.” हा म्हणाला, “तेच तर पाहिजे तिला. मी एक शब्द बोलणार नाय.”

अठरा दिवस! मला सगळं ठाऊक होतं. भोग लेका, असं मी रोज मनात म्हणत होतो.

एकोणिसाव्या दिवशी सृष्टीनं बॅग भरली. माहेर इगतपुरीला. म्हणाली, “कायमची जाते. नाहीतर माझ्याबरोबर समुपदेशनाला चला. सहा वेळा. त्यानंतर माझं मी ठरवीन.”

“आपण काय येडे हे का?” भूषण म्हणाला. पण भरलेल्या बॅगेकडे पाहून तयार झाला. शिफ्टवरून थेट जायचा, म्हणून पिशवीत मीही असायचो.

गंगापूर रोडला आशा मॅडमची छोटीशी खोली. मला वाटलं, या बाई समजूत घालतील, हातात हात देतील आणि पाठवतील घरी. तसलं काही नाही. त्यांचा नियम एकच. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं उत्तर देण्याआधी ते जसंच्या तसं परत सांगायचं.

सोपं वाटतं? पहिल्या वेळी दोघांना एक वाक्य जमलं नाही.

“ही म्हणते, मी बाहेर जेवतो,” भूषण म्हणाला.

“त्या ‘मला भीती वाटते’ असंही म्हणाल्या,” मॅडम म्हणाल्या. “तेवढं तुम्ही गाळलंत. परत सांगा.”

तिसऱ्या वेळी सृष्टी बोलली. तिचे वडील आईनं दिलेला डबा गटारात ओतायचे, दुसऱ्या बाईकडे जेवायचे आणि डबा धुऊन आणायचे. आईला कळायला नऊ वर्षं लागली. भूषणला हे परत सांगायचं होतं. ‘डबा धुऊन’पर्यंत आला आणि थांबला.

मग म्हणाला, “तुझी बोटं फाटायची. म्हणून मी धुवायचो.”

“आणि भाजी? ती खारट?”

“खाल्ली. सगळी.”

“बोलला का नाहीत?”

“तुला जिंकू द्यायचं नव्हतं.”

सृष्टी रडायला लागली. “मीठ घालताना मला बरं वाटायचं हो,” म्हणाली.

मला वाटलं, झालं, मिटलं. माझा सूड गेला पाण्यात. पण मॅडम कुठल्या सोडतात! “डबा फेकला त्याचं काय?” त्यांनी विचारलं.

“डबाच होता ना,” भूषण म्हणाला. “हिला कुठे लागला?”

डबाच होता ना! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सृष्टी खाली बघत म्हणाली, “त्या दिवसापासून तुम्ही घरी असलात की मी दाराची कडी काढून ठेवते. पळता यावं म्हणून.”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “परत सांगा, भूषण.”

त्याला सांगता येईना. शेवटी कसंबसं म्हणाला, “मी घरी असलो की... माझी बायको... कडी काढून ठेवते.” आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. अठरा दिवसांच्या मिठानं जे झालं नाही ते त्या एका वाक्यानं झालं.

सहा वेळा झाल्या. सृष्टीनं बॅग रिकामी केली, पण अर्धीच. “उरलेली बघू,” म्हणाली. आता राग आला की भूषण “कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो” असं सांगून बाहेर पडतो, आणि खरंच परत येऊन बोलतो.

माझी कडी बदलली, मी पुन्हा कामावर जातो. माझी माफी मात्र कोणी मागितली नाही, आणि मीही कोणाला माफ केलेलं नाही. पण एक सांगतो. दोघांच्याही मनातलं खरं काय ते त्या घरात फक्त मला माहीत होतं. मला वाचा असती तरी मी सांगितलं नसतं, इतका राग होता मनात. तेव्हा बाबांनो, तुमचं तुम्हीच एकमेकांना विचारा. तुम्ही गप्प बसलात की आम्हाला मजाच येते.

काल संध्याकाळी पुन्हा त्यांचं वाजलं. भूषण कोपऱ्यापर्यंत जाऊन आला, तर दाराला आतून कडी होती. सृष्टीनं उघडली, तो आत आला, आणि त्याच्या पाठीमागे तिनं ती पुन्हा लावली.