पेटीतलं किडकं वांगं

कळंबच्या गेणबाला नातू झाला तो सातव्या महिन्यातच. एवढी घाई त्या घराण्यात आजवर कुणी केली नव्हती. गेणबा स्वतः तर बाजाराची गाडी सुटल्यावर पटका शोधायला लागायचा.

सून जयवंता आणि मुठीएवढं पोर, दोघांना तातडीनं बारामतीच्या एका दवाखान्यात आणलं. डॉक्टरसाहेबांनी पोराला कापसात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवलं, भोवती गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या, आणि सिंधुबाई नर्सनं ड्रॉपरनं थेंब थेंब दूध पाजायला घेतलं. पोर तगलं.

गेणबाला एवढं भरून आलं की वाटलं, नर्सबाईला खांद्यावर घेऊन बारामतीभर मिरवावं. पण बायको प्रयागबाईनं त्याला दारातच धरलं.

"आवं, आत चांगलं बोलायचं न्हाय. ना पोराला, ना बाईला. दिष्ट लागती. आन आभार तर अजाबात मानायचं न्हाईत. आभार मानलं की देवाला वाटतंय काम उरकलं. मग त्यो दुसरीकडं बघाया लागतोय."

"मग बोलायचं काय?"

"नावं ठेवायची. त्ये बी तुमाला शिकवाया पायजे व्हय?"

न्हाय, ते शिकवायची गरज नव्हती. शेजारच्या पाटीतल्या मालाला नावं ठेवण्यात गेणबाचा उभा जन्म भाजीबाजारात गेला होता. तो पेटीत डोकावला. एवढंसं नाक, लुकलुक हलणारी छाती. डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून निघालं, "ह्या! ह्ये काय ध्यान हाय? किडकं वांगं! शेळीपुढं टाकलं तर शेळी बी तोंड फिरवील!"

सिंधुबाईंच्या हातातला ड्रॉपर जागच्या जागी थांबला. बाई पुण्याच्या. "आजोबा, काय बोलताय हे?"

"आन तुमी बी बाई! एवढं राबून काय मिळवलंत? कापसाचं वाटोळं निस्तं!"

मागं प्रयागबाईनं खूश होऊन मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी गेणबा एस्टीनं पाटीभर वांगी घेऊन आला. निवडून निवडून काढलेली, तजेलदार. नर्सबाईंच्या टेबलावर पाटी ठेवून म्हणाला, "टाकाऊ माल हाय. तुमालाच शोभंल." आणि पेटीकडं वळला.

बाई आडव्या उभ्या राहिल्या. "एक पाऊल पुढं टाकू नका! ज्यांना हे मूल नकोय त्यांच्या हाती मी ते देणार नाही. आजच डॉक्टरांच्या कानावर घालते. पोटी मूल नसलेली चांगली माणसं आहेत या गावात!"

खरं सांगावं तर दिष्ट लागते, न सांगावं तर नातू जातो. गेणबानं बायकोकडं बघितलं. प्रयागबाईनं नर्सबाईंचा हात धरला, त्यांना व्हरांड्यातून बाहेर काढून पार आडापाशी नेलं, दोघींच्या डोक्यावर आपला पदर घेतला आणि कुजबुज सुरू केली. गेणबाला लांबून पदरच दिसत होता. आधी तो रागानं हलला. मग थांबला. मग गदागदा हलायला लागला.

बाई परत आल्या त्या डोळे पुसत. पेटीवर वाकून म्हणाल्या, "या आजोबा. बघा तुमचं नासकं लिंबू! काल दूध कमी पडलं याला. खादाड मेला!"

"बाई, बाई!" प्रयागबाई दचकली. "त्यो शबुद सोडून काय बी म्हणा."

तिथून पुढं बाईंची जीभ सुटली. गेणबा येईल तेव्हा बाजारातला एखादा नवा शब्द आणायचा आणि बाई तो झेलायच्या. पोर मात्र शिव्या खाऊन बाळसं धरत होतं.

घरी न्यायचा दिवस आला. जयवंताच्या मांडीवर पोर टुकुटुकु बघत होतं. बाईंनी त्याच्या गालाला बोट लावलं आणि ठसक्यात म्हणाल्या, "न्या एकदाचं हे सडकं दोडकं! वैताग आणला दवाखान्याला. परत तोंड दाखवायचं नाही!"

दारात डॉक्टरसाहेब उभे होते.

"सिंधुबाई! पेशंटशी ही भाषा? अशी माणसं मला इथं नकोत."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. आता पंचाईत गेणबाची झाली. बाईंची बाजू घ्यायची म्हणजे त्यांना चांगलं म्हणायचं, आणि ते पोरासमोर! प्रयागबाई डोळे वटारून बसलेली. गेणबानं छाती पुढं काढली.

"बाईंला बोलायचं काम न्हाय, सायेब! बाई बिनकामाच्या हायत, कबूल. पर तुमी तरी कुठलं शाणं? एवढंसं दोडकं पेटीत घालून जगव... आऽय!" प्रयागबाईचा चिमटा बसला होता. "म्हंजी, बिघडवलंत! तुमच्यासारखा अडाणी डाक्टर इंदापूर, बारामती दोन्ही तालुके पालथे घातले तरी गावायचा न्हाय!"

असं म्हणत त्यानं साहेबांच्या बुटांवर डोकं ठेवलं. बूट ओले झाले.

साहेब कानांनी ऐकत होते ते एक आणि डोळ्यांनी बघत होते ते भलतंच. नर्सबाई पुढं झाल्या आणि त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटल्या. साहेबांनी चष्मा सारखा केला, पोराकडं निरखून बघितलं आणि करड्या आवाजात म्हणाले,

"इतकं फालतू पोर मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही."

जयवंता आजवर वडीलधाऱ्यांपुढं अवाक्षर बोलली नव्हती. तिला रडूच फुटलं. पदर सावरत, हुंदके देत ती म्हणाली,

"सायेब, तुमच्यासारखं वंगाळ मानूस मी बी बघितलं न्हाय!"